उत्पादन सर्वेक्षणाची यादी: करखात्याच्या नोंदींवरून बनवायची की पायी फिरून?

दशांश (धागाकर्ता)

कारखान्यांच्या सर्वेक्षणावर वाद झाला की गाडी प्रश्नावलीपाशी येऊन थांबते. रकाने फार, मुदत कमी, भरणारा वैतागलेला. पण फॉर्म कुणाला पाठवायचा हे ज्या यादीवरून ठरतं, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. सांख्यिकीवाले तिला फ्रेम म्हणतात. त्या यादीत नाव नसेल तर तो कारखाना नमुन्यात येण्याचा प्रश्नच नाही, मग प्रश्नावली कितीही उत्तम असो.

माझं मत सरळ आहे. कर आणि पगाराच्या नोंदी सरकारकडे आधीच आहेत. त्यांच्यावरून एकच व्यवसाय रजिस्टर उभं करा आणि दारोदार याद्या करणं थांबवा.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. १९९४ पर्यंत तिथे दोन याद्या होत्या, एक व्हॅटच्या नोंदणीवरून केलेली आणि दुसरी रोजगार खात्याची, पगारातून कापल्या जाणाऱ्या कराच्या नोंदींवरून. दोन्ही जोडून आयडीबीआर हे रजिस्टर झालं आणि आज सरकारी उद्योग-सर्वेक्षणांचे नमुने त्यातूनच निघतात. ऑस्ट्रेलियात २००० मध्ये जीएसटीबरोबर प्रत्येक व्यवसायाला एबीएन क्रमांक मिळाला, सांख्यिकी संस्थेच्या रजिस्टरचा पाया तोच. फ्रान्समध्ये तर १९७३ पासून सिरेन ही नोंदवही सांख्यिकी संस्था, म्हणजे इन्से, स्वतःच चालवते.

यात सगळ्यात मोठा फायदा छोट्यांचा. मोठे कारखाने सगळेच्या सगळे सर्वेक्षणात घ्यावे लागतात, कारण एखाद्या उद्योगाचं बहुतांश उत्पादन त्यांच्याकडेच असतं. मधल्यांचा नमुना काढायचा. आणि अगदी छोट्यांना फॉर्म पाठवायचाच नाही, त्यांचे आकडे कराच्या रिटर्नमधून उचलायचे. कॅनडा हे करतो. अमेरिकेच्या वार्षिक उत्पादन सर्वेक्षणातही एकाच ठिकाणच्या छोट्या कारखान्यांसाठी प्रशासकीय आकडेच वापरत असत. सहा माणसांच्या वर्कशॉपमालकाला कच्च्या मालाचे बारा रकाने भरायला लावून काय मिळतं?

फिरतीवरचा

असहमत, आणि तेही ठामपणे.

फॉर्म गोळा करण्यात माझी बरीच वर्षं गेली. एक प्रसंग सांगतो. यादीत धातूची भांडी बनवणारी कंपनी, कागदावर पन्नासेक कामगार. पत्त्यावर गेलो तर दुसऱ्या मजल्यावर हिशेबनिसाचं ऑफिस. दाराला कंपन्यांच्या नावांची एवढी मोठी पाटी, आत दोन टेबलं आणि फायलींचं कपाट. भांडी कुठे बनतात विचारलं तर तो गृहस्थ म्हणाला, "बनत होती." एवढंच. तरी त्या कंपनीचं रिटर्न दरवर्षी वेळेवर भरलं जात होतं.

दशांशराव, करखात्याला हवा असतो देणेकरी. आम्हाला हवं असतं यंत्र, कामगार आणि दारातून बाहेर पडणारा माल. एकाच्या यादीत दुसरं सापडेलच असं नाही.

हा माझ्या एकट्याचा अनुभव समजू नका. भारतात राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७४ वी फेरी २०१६-१७ मध्ये झाली. विषय सेवाक्षेत्र, आणि यादीत एमसीए-२१ म्हणजे कंपनी नोंदणीचा डेटाबेस. २०१९ मध्ये अहवाल आला तेव्हा नमुन्यातल्या एक तृतीयांशाहून जास्त कंपन्या सापडल्या नव्हत्या, बंद निघाल्या होत्या किंवा भलत्याच वर्गात होत्या. आमच्या भाषेत कॅज्युअल्टी. ते उत्पादन क्षेत्र नव्हतं हे मान्य, पण नोंदणीची पद्धत सगळ्यांना एकच आहे.

दशांश

तुमचा किस्सा मान्य, निष्कर्ष अमान्य. कंपनी नोंदणी आणि कर नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनी एकदा स्थापन केली की काहीही न करता वर्षानुवर्षं कागदावर जगते. म्हणूनच चांगली रजिस्टरं पगाराच्या नोंदी आणि उलाढाल यांच्यात 'जिवंतपणाची खूण' शोधतात. ती दिसली नाही तर नाव फ्रेमबाहेर.

आणि पायी केलेल्या यादीचं काय? भारतातल्या आर्थिक गणना १९७७, १९८०, १९९०, १९९८, २००५, २०१३ अशा झाल्या. मधली अंतरं मोजा. आठ वर्षांपूर्वीच्या यादीत निम्म्या वर्कशॉपच्या पाट्या बदललेल्या असणार. करखात्याची नोंद निदान दरमहा हलते तरी.

मल्टिप्लायर

तुमचं भांडण चालू द्या, मी एक हिशेब मांडतो.

समजा रजिस्टरमध्ये छोट्या कारखान्यांचा एक गट आहे, नावं ५००. त्यातून ५० चा नमुना काढला, म्हणजे प्रत्येकाचा मल्टिप्लायर १०, नमुन्यातला एक कारखाना यादीतल्या दहांच्या जागी मोजायचा. फिरतीवर कळलं की ५ बंद आहेत. त्यांचं उत्पादन शून्य लिहिलं आणि मल्टिप्लायर १० च ठेवला तर अंदाज ४५० चालू कारखान्यांचा येतो. बरोबर. पण कुणी 'बंद आहेत ना, मग सोडा' म्हणत ५०० चा भार उरलेल्या ४५ जणांवर टाकला तर मल्टिप्लायर होतो ११.११, आणि मेलेले ५० कारखाने पुन्हा धूर सोडू लागतात.

ही चूक ढोबळ आहे, पहिल्या तपासणीत पकडली जाते. खरी मेख पुढच्या वर्षी आहे. ते ५ कारखाने रजिस्टरमधून रीतसर खोडले. उरले ४९५. नमुना तोच ठेवला, कारण दरवर्षी नवा काढला तर वाढीचे आकडे उड्या मारतात. त्यात ४५ उरले, सगळे चालू. ४९५ भागिले ४५, मल्टिप्लायर ११, अंदाज ४९५ चालू कारखान्यांचा. पण ज्यांच्याकडे कुणी गेलंच नाही त्या ४५० मध्येही ४५ च्या आसपास बंद असणारच! ते खोडायला कुणी गेलं नाही. खरा आकडा ४५० च्या आसपास, आपला १० टक्के फुगलेला. कुणीही खोटं बोललेलं नाही, उलट सगळ्यांनी नोंदवही प्रामाणिकपणे दुरुस्त केली आहे.

म्हणून फ्रेममधून नाव खोडायचं ते अशाच माहितीवरून, जी पाचशेच्या पाचशे जणांबद्दल सारखीच मिळते. करखात्याने नोंदणी रद्द केली, हे चालेल. आमच्या माणसाला कुलूप दिसलं, हे नमुन्याच्या हिशेबात शून्य म्हणून येऊ द्या, पण त्यावरून फ्रेम कापू नका.

फिरतीवरचा

म्हणजे मी उन्हातान्हात जाऊन कुलूप बघून यायचं आणि ते कुठेच लिहायचं नाही? वा!

एकक

तुम्ही सगळे जन्म-मृत्यूत अडकलात. त्याहून अवघड प्रश्न आहे तो 'एक' म्हणजे काय हा.

एक साखर कारखाना घ्या. ऊस गाळून साखर काढतो, मळीपासून आसवनीत अल्कोहोल करतो, बगॅस म्हणजे उसाचा चोथा जाळून वीज करतो आणि विकतो. करखात्यात नोंदणी एक, रिटर्न एक. सांख्यिकीत मात्र साखर अन्न-उत्पादनात, अल्कोहोल त्याच्या प्रतीप्रमाणे रसायनांत किंवा पेयांत, आणि वीज तर उत्पादन क्षेत्रातच बसत नाही, तिचा विभाग वेगळा. कराच्या रिटर्नमध्ये उलाढालीचा एकच आकडा. तो कुठे टाकणार? मुख्य धंदा साखर म्हणून सगळा साखरेत टाकला, तर साखरेचे भाव पडलेल्या वर्षी 'साखर उद्योग' अल्कोहोलच्या जिवावर तेजीत दिसेल.

म्हणून कॅनडाच्या रजिस्टरमध्ये चार पायऱ्या आहेत: उपक्रम, कंपनी, आस्थापना आणि ठिकाण. उत्पादनाचं सर्वेक्षण आस्थापनेच्या पायरीवर चालतं, म्हणजे जिथपर्यंत उत्पादनाचा हिशेब सुटा मिळतो तिथे. ऑस्ट्रेलियाने तर व्यवसायांचे सरळ दोन गट केलेत. ज्यांची रचना साधी, त्यांना एबीएन हेच एकक. जे मोठे आणि गुंतागुंतीचे, त्यांची रचना सांख्यिकी संस्थेची माणसं त्या कंपनीशी बोलून स्वतः मांडतात. या कामाला प्रोफायलिंग म्हणतात. माणूस लागतोच, दशांशराव. फक्त तो गल्लीत फिरण्याऐवजी मोठ्या कंपनीच्या लेखाविभागात जाऊन बसतो.

आणखी एक. पगाराच्या नोंदी बहुधा मुख्यालयाच्या पत्त्यावर. कामगार चार जिल्ह्यांत, कागदावर सगळे राजधानीत. ब्रिटनला हे सुटं करायला २००९ पासून वेगळं वार्षिक सर्वेक्षण करावं लागतंय, बीआरईएस, ज्याच्या नावातच 'बिझनेस रजिस्टर' आहे. म्हणजे रजिस्टरमुळे सर्वेक्षण वाचलं म्हणता म्हणता रजिस्टरसाठीच एक सर्वेक्षण.

ओळीबाहेर

+१. रच्याकने, ज्यांच्याकडे कारखानाच नाही अशा 'उत्पादकांचं' काय? आराखडा यांचा, ब्रँड यांचा, माल दुसऱ्या देशात तिसऱ्याकडून बनवून घेतलेला. आयर्लंडचा २०१५ चा जीडीपी जुलै २०१६ च्या आकड्यांत २६.३ टक्के वाढलेला दिसला तो अशाच कारणांनी. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी बौद्धिक संपदा तिथे हलवली आणि परदेशात करून घेतलेलं उत्पादन आयर्लंडच्या खात्यावर चढलं. पायी फिरणाऱ्याला तिथे एकही नवं धुराडं दिसलं नसतं.

दशांश

आयर्लंडचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तिथे पायी फिरून काय हाती लागलं असतं?

एकक, तुमचा साखर कारखाना मान्य. पण अशी गुंतागुंतीची युनिटं मोजकी असतात, त्यांना माणूस द्या, माझी ना नाही. बाकीच्या हजारोंचं काय, हा माझा मुद्दा आहे. आणि एकाच देशात दोन यादी-वह्या ठेवल्या की काय होतं ते अमेरिकेत बघा. सेन्सस ब्यूरोचं रजिस्टर करखात्याच्या माहितीवर, कामगार सांख्यिकीवाल्यांचं राज्यांच्या बेरोजगारी विम्याच्या नोंदींवर. एकाच कारखान्याला दोन्हीकडे उद्योगाचा वेगवेगळा वर्ग-क्रमांक मिळू शकतो. २००२ च्या कायद्याने संस्थांना आपसात माहिती द्यायला वाट केली, पण करातून आलेली माहिती गोपनीयतेच्या नियमामुळे तरीही अडकलेलीच राहिली.

कायद्याचा किडा

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतायत. प्रशासकीय यादी कायद्यातल्या उंबरठ्यावर उभी असते आणि उंबरठा सांख्यिकीवाल्यांना विचारून हलत नाही. ब्रिटनमध्ये व्हॅटची मर्यादा २०२४ मध्ये ८५ हजारांवरून ९० हजार पौंड झाली. ज्याचा व्हॅटही नाही आणि पगारी माणूसही नाही, तो आयडीबीआरमध्ये नाहीच.

भारतात वार्षिक उद्योग पाहणीची यादी मुख्यत्वे कारखाना निरीक्षकांकडच्या नोंदणीवरून बनते. १९४८ च्या कायद्याप्रमाणे वीज वापरत असाल तर १० कामगार, नसाल तर २०. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत हेच आकडे २० आणि ४० झाले. बारा कामगारांच्या कारखान्यात काहीच बदललं नाही. तेच लेथ, तीच माणसं. पण व्याख्येप्रमाणे तो आता 'कारखाना' नाही. पाहणीची यादी फक्त या नोंदणीला बांधून ठेवली तर अशा युनिटांची घट दिसेल आणि कुणीतरी त्यावर लेख लिहील.

आणि फट बघायची तर ही. सहा कामगारांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, सुटे भाग बनवणारी. कारखाना कायद्याखाली येत नाही म्हणून उद्योग पाहणीत नाही. कंपनी म्हणून नोंदलेली आहे म्हणून असंघटित उपक्रमांच्या पाहणीतही नाही. दोन सर्वेक्षणांच्या मधल्या बोळात उभी आहे बिचारी.

फिरतीवरचा

किडेसाहेब, हेच तर म्हणतोय! त्या बोळात चालत जाणाऱ्यालाच ती दिसणार.

दशांश

की करखात्याच्या यादीत, जिथे ती आहेच?

फिरतीवरचा

तिथे ती 'व्यापार' म्हणून असेल तर? नोंदणी करताना मालकाने जो पर्याय यादीत वर दिसला तो टिचकी मारून निवडला. कर तेवढाच बसणार असेल तर तो दुरुस्त कशाला करेल, आणि करखाते तरी का विचारेल?

मल्टिप्लायर

हा मुद्दा बिनतोड आहे. चुकीच्या वर्गातला कारखाना उत्पादनाच्या नमुन्यात येतच नाही, त्यामुळे सर्वेक्षण त्याला कधीच दुरुस्त करू शकत नाही. उत्पादनात चुकून घुसलेला व्यापारी पकडला जातो, कारण फॉर्म परत येतो त्यात 'उत्पादन: निरंक'. व्यापारात लपलेला उत्पादक पकडला जात नाही. चूक एकाच दिशेने साचत जाते.

उलट बाजूचंही सांगतो. रजिस्टरमध्ये २० कामगारांचा म्हणून छोट्यांच्या गटात असलेला, मल्टिप्लायर ४०, आणि फॉर्म आला तर कामगार ९००. तो एक फॉर्म ३६ हजार कामगार होऊन बसतो. अशा वेळी त्याचा मल्टिप्लायर हाताने १ करतात. करावाच लागतो, पण त्या दिवशी जेवण जात नाही.

दशांश

ठीक. मग माझी सुधारित सूचना: फ्रेम रजिस्टरचीच. सोबत दरवर्षी थोडे भाग निवडून तिथे पायी यादी करायची आणि ती रजिस्टरशी ताडून बघायची. किती सुटले, किती चुकीच्या वर्गात, याचा अंदाज त्यातून घ्यायचा. यादी म्हणून नाही, रजिस्टरची परीक्षा म्हणून.

फिरतीवरचा

म्हणजे फिरायचंच, फक्त कमी. चालेल. पण मला जे सापडेल ते रजिस्टरमध्ये लिहायचं की नाही? वर मल्टिप्लायर नको म्हणतायत.

मल्टिप्लायर

लिहा की. नको म्हटलं नाही. फक्त कशावरून कळलं तेही शेजारी लिहा, म्हणजे फ्रेम काढताना आम्हाला ते वेगळं ठेवता येईल. स्वतंत्र रकाना हवा.

ओळीबाहेर

घ्या. वाढला अजून एक रकाना.