घुमटाचा तास
स्नेहसंमेलन आणि क्रीडा दिनाच्या तयारीत प्राथमिकच्या मुलांची सहामाही वाया जाते, असं काही पालक म्हणतात, ते मला पटत नाही. शेवटच्या पंधरा दिवसांत घाईने गाणं बसवलं तर जाते, हे मान्य.

आमची धाकटी गोव्यात फोंड्याकडे तिसरीत असताना गावातले एक आजोबा दर शनिवारी घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर चामडं ताणून केलेलं तिथलं वाद्य, शिकवायला येत. उजव्या हाताने चामड्यावर थाप, डाव्या तळव्याने मडक्याचं मागचं तोंड झाकायचं-उघडायचं, की आवाज फिरतो. हात लाल व्हायचे, पण पोरीने सोडलं नाही. पूर्वी घोरपडीचं कातडं लावत, वन्यजीव कायद्याने त्यावर बंदी आली म्हणून आता बकऱ्याचं, हेही तिनेच मला सांगितलं. २०१९ मध्ये घुमट राज्याचं वारसा वाद्य झालं, ते ऐकून तर उड्याच मारल्या होत्या तिने.