मोठ्या आतड्याला सूज आली, तर लहान आतडेही झिरपू लागते का?

गोपालक, आर्वी तालुका

नमस्कार. पोळ्याच्या सुमारास आमच्या गवळाऊ कालवडीला रक्ती हगवण लागली होती. शेणात रक्त आणि आव पडत असे, आणि शेण पडून गेल्यावरही ती पाठीची कमान करून कुंथत उभी राहायची. तपासणीत कॉक्सिडिया (आतड्यात वाढणारे सूक्ष्म परजीवी) निघाले, औषधाने रक्त थांबले. परंतु आता ढेप आणि कुटार नीट खाऊनही तिचे अंग भरत नाही. रोग मोठ्या आतड्याचा होता, असे मला सांगितले. अन्नरस तर लहान आतड्यात शोषला जातो. मग मोठ्या आतड्याच्या दाहाने लहान आतड्याचे अस्तरही गळके होते, असे जनावरांत खरोखर आढळले आहे काय?

पशुवैद्यक, दारव्हा

भाऊ, प्रश्न मोलाचा आहे. पण तुमची कालवड त्याचा पुरावा ठरणार नाही. वासरांमधला आयमेरिया बोव्हिस हा कॉक्सिडियांपैकीच एक परजीवी पहिली पिढी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात वाढवतो आणि दुसऱ्या पिढीत अंधांत्र (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) व मोठ्या आतड्यात उतरतो. रक्त दिसते ते या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे लहान आतडे त्याआधीच दुखावलेले असते.

संशोधक विद्यार्थिनी, मूळ गाव पुसद

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे पटते, आणि याच अडचणीमुळे प्रयोगात दाह फक्त मोठ्या आतड्यात निर्माण करावा लागतो. उंदरांना पाण्यातून डेक्स्ट्रान सल्फेट सोडियम हे दाह निर्माण करणारे रसायन पाजतात, पण ते लहान आतड्यातूनच पुढे जाते. म्हणून गुदद्वारावाटे टीएनबीएस हे दुसरे दाहकारक रसायन देऊन केलेले प्रयोग मला अधिक विश्वासार्ह वाटतात. मोठ्या आतड्यात दाह निर्माण केलेल्या उंदरांत लहान आतड्याची पारगम्यता, म्हणजे अस्तरातून होणारी झिरप, वाढलेली आढळली आहे.

ती मोजण्याची रीत सुंदर आहे. लॅक्ट्युलोज आणि मॅनिटॉल हे दोन साखरेसारखे पदार्थ एकत्र पाजून दोन्ही मूत्रात किती उतरले ते पाहतात. मॅनिटॉलचा लहान रेणू निरोगी अस्तरातूनही जातो, लॅक्ट्युलोजचा मोठा रेणू मात्र पेशींमधले सांधे सैल झाले तरच जास्त झिरपतो. मोठ्या आतड्यातले जीवाणू दोन्ही फोडून टाकतात, त्यामुळे मूत्रातले लॅक्ट्युलोजचे मॅनिटॉलशी गुणोत्तर वाढले तर गळती लहान आतड्यातच आहे, असे समजता येते. सांधे सैल करणाऱ्यांत टीएनएफ हे दाहकारक प्रथिन महत्त्वाचे आहे. ते पेशीभोवतीचे मायोसिन या आकुंचन पावणाऱ्या प्रथिनाचे कडे आवळते आणि सांधा उसवतो.

मात्र क्रम उलटाही असू शकतो. आयएल-१० हे दाह शमवणारे प्रथिन नसलेल्या उंदरांत आतड्याची झिरप आधी वाढते आणि मोठ्या आतड्याचा दाह नंतर दिसतो.

गोपालक, आर्वी तालुका

ताई, डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. म्हणजे मी केवळ मोठ्या आतड्याकडे पाहत होतो, तेच चुकले. तिच्याच दावणीला आणखी दोन वासरे आहेत.

पशुवैद्यक, दारव्हा

मग तिघांच्याही शेणाचे ताजे नमुने वेगवेगळ्या डब्यांत न्या, आणि ढेप जमिनीवर न टाकता उंच गव्हाणीत द्या, म्हणजे शेणातली अंडी पुन्हा तोंडात जाणार नाहीत.