१७८३चं आठ रियालचं स्पॅनिश नाणं: टूथपेस्टने घासू का?

पेटीतला_ऐवज: नमस्कार. आजोबा बोटीवर नोकरीला होते, त्यांच्या पेटीत चांदीचं एक जाड, मोठं नाणं सापडलं. एका बाजूला राजाचा चेहरा, डोक्यावर पानांची माळ, 'कारोलुस तिसरा' असा लॅटिन मजकूर आणि खाली १७८३. मागे दोन खांबांच्या मधोमध मुकुटाची ढाल. तिथेच ८ आर, एफएफ आणि एम, त्या एमवर छोटा ओ. वजन २६.८ ग्रॅम. राजाच्या गालावर आणि मानेवर दोन चिनी अक्षरं ठोकलेली दिसतात. पार काळवंडलंय. टूथपेस्टने घासून चकचकीत करावं म्हणतो. अस्सल असेल तर किती मोलाचं?

खांबवाला: घासू नका! आधी ते नाणं खाली ठेवा, मग पुढचं वाचा. तो काळेपणा दोन-अडीच शतकांत चांदीवर चढलेला थर आहे. तो गेला की बारीक ओरखडे राहतात आणि जाणकार गिऱ्हाईक तिथेच मागे फिरतो.

डोक्यावर छोटा ओ असलेला एम ही मेक्सिको सिटीच्या टांकसाळीची खूण. एफएफ ही कस तपासणाऱ्या दोघा अधिकाऱ्यांची आद्याक्षरं. मेक्सिकोत १७७७ ते १७८४ याच काळात ती येतात, त्यामुळे साल आणि अक्षरं जुळतात. नकली नाणी कित्येकदा इथेच पकडली जातात. नवं असताना वजन २७.०७ ग्रॅम असायचं, तेव्हा २६.८ ही झीज अगदी पटण्यासारखी आहे. चांदीचा कस हजारात सुमारे ९०३, म्हणजे यात २४ ग्रॅमच्या थोडी वर शुद्ध चांदी. स्पेनचा राजा तिसरा कार्लोस (नाण्यावरचा 'कारोलुस' तो हाच) याने १७७२मध्ये कस गुपचूप उतरवला होता. त्याच वर्षी खांब आणि दोन गोलार्धांचं देखणं चित्र जाऊन राजाचा चेहरा आला. मला ती जुनी खांबांची नाणी जास्त आवडतात, आणि बाजारातही साधारणपणे त्यांनाच जास्त भाव मिळतो.

आता कड पाहा. तिथे काय दिसतं ते लिहा.

जुनीनाणी_हवीत: मी स्पष्ट सांगतो, चेहऱ्यावर ठोके म्हणजे नाणं खराब. शिवाय १७८३ मेक्सिको हे साल मुळीच दुर्मिळ नाही. एल काझादोर नावाचं जहाज १७८४मध्ये व्हेराक्रूझहून न्यू ऑर्लिन्सला जाताना बुडालं. त्यावर साडेचार लाखांच्या आसपास पेसो होते (एक पेसो म्हणजे आठ रियाल). १९९३मध्ये मासेमारीच्या जाळ्यात नाणी वर आली आणि याच सालाची ढिगाने बाजारात उतरली.

पेटीतला_ऐवज: कडेवर गोल आणि चौकोन आळीपाळीने आहेत. समोरासमोरच्या दोन जागी मात्र नक्षी एकमेकांवर चढल्यासारखी दिसते. हा दोष आहे का?

खांबवाला: दोष कसला, मला तर हेच वाचून आनंद झाला! कडेची नक्षी दोन पट्ट्यांमध्ये नाणं फिरवून उमटवत. प्रत्येक पट्टी अर्धी कड भरायची, त्यामुळे टोकं जिथे मिळतात तिथे नक्षी थोडी चढते. ओतलेल्या नकलेत तिथे साच्याची सलग रेघ सापडते. अजून एक करा. नाणं दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून वजन घ्या. या कसाच्या चांदीची घनता पाण्याच्या १०.३ पट, तेव्हा वजन सुमारे २.६ ग्रॅमने कमी भरायला हवं. आकडा २.६पेक्षा बराच वेगळा आला तर धातू वेगळा.

ठोक्यांबद्दल मात्र माझं मत अगदी उलट आहे. साल सर्वसामान्य आहे हे खरं. दुर्मिळ सालाच्या, कोऱ्या करकरीत नाण्यावर ठोका बसला तर मोल पडतं हेही खरं. पण सर्वसामान्य सालाच्या नाण्यावर चिनी व्यापाऱ्यांचे ठोके म्हणजे ते कुठे फिरलं याचा पुरावा. चांदी पारखून झाली की तिथले सराफ आपली खूण ठोकत. कारोलुसच्या चेहऱ्यावर त्यांचा इतका विश्वास होता की हे राजे गेल्यावर, १८५०च्या सुमारासही, शांघायच्या बाजारात ही नाणी चांदीपेक्षा चढ्या भावाने चालत. आणि एल काझादोरचं म्हणाल, तर त्याची नाणी समुद्रतळाशी पडून होती, ती चीनला पोचलीच नाहीत. ठोके जुने असतील तर हे नाणं त्या ढिगातलं नव्हे. फक्त ठोक्यांच्या खाचांतही बाकीच्यासारखाच काळेपणा आहे का ते भिंगाने बघा. खाच आतून चकचकीत दिसली तर ठोका अलीकडचा.

मोल चांदीच्या भावावरून काढू नका, आणि फक्त जुनं आहे म्हणूनही फार धरू नका. राजाचे केस, ढालीतले सिंह आणि किल्ले किती शाबूत आहेत यावर बरंच ठरतं. दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा आणि अशाच ठोक्यांची नाणी अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहा. विकणाऱ्यांनी मागितलेल्या किमती धरू नका. तोवर नाणं कडेला धरून उचला आणि पीव्हीसी नसलेल्या पाकिटात ठेवा.

पेटीतला_ऐवज: खाचांत तसाच काळा थर आहे, आत्ताच भिंगाने पाहिलं. पाण्यातल्या वजनाचं उद्या करून कळवतो.