विषय: जाऊबाईंकडे थेट चढायचं की मध्ये मुक्काम? (उत्तर आजच हवंय)

प्रेषक: सभासद, कार्यक्रम समिती
मंडळी, शुक्रवारी पहाटे निघतोय. जाऊबाईंचं घर २,७०० मीटरवर, आम्ही समुद्रसपाटीवरून निघणार. थेट गेलो तर आठ तासांत पोचतो. बरोबर सासूबाई, वय ७२. मला वाटेत १,५०० मीटरवर एक रात्र थांबायचंय. ह्यांचं म्हणणं, एक दिवस वाया जाईल आणि दादा-वहिनींना वाईट वाटेल. वयस्कर माणसांना इतक्या उंचीवर कोणी नेलंय का? गाडी तीच विजेची, सहलीला आणली होती ती.

प्रेषक: माजी खजिनदार
थेट जा. आम्ही तीनदा गेलोय, कुणाला काही झालं नाही. खरा प्रश्न गाडीचा आहे. माणसं-सामान धरून दोन टन वजन २,७०० मीटर चढवायला नुसत्या उंचीपोटीच पंधराएक युनिट वीज लागते, सपाटीवरच्या खर्चाशिवाय. गाडी दाखवते त्या अंतरावर विसंबू नका.

प्रेषक: सभासद
काका, चढणीपेक्षा उतरणीचं सांगा. परतताना वरून बॅटरी शंभर टक्के भरून निघू नका. उतारावर तयार होणारी वीज साठवायला जागा राहत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ऐंशीवर थांबा. ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरायचं नाही. आमच्या जुन्या पेट्रोल गाडीचे ब्रेक तसेच तापले होते. जळका वास आला आणि पेडल मऊ लागायला लागलं. तिला खालच्या गिअरमध्ये उतरवायला हवं होतं.

प्रेषक: सहल समिती
प्रवासाची माहिती आमच्या यादीत आहे, दरवर्षी आम्ही ती नवी करतो. असे प्रश्न आधी समितीकडे पाठवावेत, म्हणजे चार ठिकाणी चार सल्ले होणार नाहीत.

प्रेषक: सभासद (डॉक्टर)
समितीच्या यादीत उंचीच्या त्रासाबद्दल एक ओळही नाही, म्हणून इथेच लिहिते. काका, तीनदा काही झालं नाही म्हणून चौथ्यांदा होणार नाही असं नसतं, आणि तब्येत ठणठणीत असली तरी हा त्रास होतो. २,५०० मीटरच्या वर एकदम जाऊन झोपलं की तो सुरू होऊ शकतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच असतं, पण त्या घराशी हवेचा दाब खालच्या पाऊणपटीपेक्षाही कमी, म्हणून दर श्वासात ऑक्सिजन कमी मिळतो.
माझे वडील पोचल्यावर छान होते, अंगणात फिरले. रात्री दोनला बघते तर पलंगाच्या कडेला डोकं धरून बसलेले, चपला पायात, "बाहेर जाऊन येतो" म्हणत. आम्ही प्रवासाचा शीण समजलो, ही चूक. सकाळी आठशे मीटर खाली आणलं, तेव्हा दुपारी त्यांनी वर्तमानपत्र मागितलं.
मध्ये एक रात्र थांबाच. पहिल्या दिवशी दगदग नको, झोपेची गोळी नको, रक्तदाबाची औषधं चालू ठेवा. उंचीसाठी अॅसिटाझोलामाइड मिळतं, पण ते सासूबाईंच्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा.

प्रेषक: माजी अध्यक्ष
डॉक्टरांचं पटलं. वाईट वाटण्याबद्दल एवढंच सांगते, दिरांशी बोलू नकोस, जाऊबाईंना फोन कर. पाहुणे रात्री दमून पोचले की निस्तरायचं तिलाच असतं. आम्ही एकदा अंधारात पोचलो होतो. फोनवरचा नकाशा खालच्या बंद रस्त्याला नेत होता आणि माझी जाऊ वळणावर टॉर्च घेऊन तासभर उभी होती.

प्रेषक: सभासद, कार्यक्रम समिती
आत्ताच बोलले. जाऊबाई म्हणाल्या, त्या तिथे राहायला गेल्या तेव्हा दोन दिवस त्यांचंही डोकं दुखत होतं, दिरांनी आम्हाला कधी सांगितलंच नाही. आता तेच दोघं शुक्रवारी १,५०० मीटरवर खाली येतायत, आमच्याबरोबर राहतील आणि शनिवारी त्यांच्या गाडीमागून आम्ही चढू. गाडी रात्रभर तिथेच चार्ज होईल. सासूबाई आत्तापासून न्यायचे कपडे कपाटातून काढून बसल्यात.

प्रेषक: माजी खजिनदार
ठीक. वर अंगणाला उतार असेल तर हँडब्रेक लावून पुढची चाकं कडेला वळवून ठेवा, आणि चाकामागे दगड.