घरात मराठी बंद करा म्हणाले, पोराच्या बोलण्यासाठी. करायची का?

खानापूरची_आई
पोरगा पुढच्या महिन्यात तीनचा होतोय, अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. सुटे शब्द पंधराएक, त्यातले निम्मे अंगणवाडीतले कन्नड, तहान लागली की माठाकडे बोट करून नीरू नीरू. बेळगावला स्पीच थेरपी लावली तर पहिल्याच दिवशी सांगितलं की दोन भाषांनी गोंधळ उडालाय, घरात आता फक्त कन्नड. दिवसभर तो माझ्या सासूबाईंपाशी असतो आणि त्यांना कन्नड येत नाही, आठ दिवस झाले बिचाऱ्या त्याच्यासमोर तोंड मिटून बसतात. मला पटत नाही, नवरा म्हणतो तू त्यांच्यापेक्षा शहाणी का.

उद्यमबाग७२
नवरा बरोबर बोलतोय. थेरपी कन्नडमध्ये, अंगणवाडीची अक्का कन्नड, उद्या शाळा कन्नड. आमच्या पोराला आम्ही हेच केलं, वर्षभरात बोलायला लागला. भाषेचा अभिमान मोठ्यांनी मिरवावा, पोराला कशाला.

शहापूर_मावशी
तुमचं पोर बोललं, चांगलं झालं, पण ते थेरपीनं की मराठी बंद केल्यानं? दोन भाषा कानावर पडल्यानं बोलणं लांबत नाही, ज्याला उशीर व्हायचा त्याला एका भाषेतही होतो. आणि शब्द मोजताना दोन्हीकडचे धरायचे असतात. माझ्या भाचीला चित्र दाखवून विचारलं, ती म्हस म्हणाली, त्यांना कन्नडमधलं एम्मे हवं होतं, कागदावर फुली. चमचा मात्र बरोबर, कारण तो दोन्हीकडे चमचाच!

खानापूरच्या ताई, कान तपासले का आधी? बेरा टेस्ट?

उद्यमबाग७२
मावशी, पुस्तकात ठीक आहे. आमच्याकडं घरी करायचे चार्टसुद्धा कन्नडमध्ये मिळतात, मराठी बोलणारा थेरपिस्ट कुठनं आणायचा?

येळ्ळूरचा_पोरगा
हा सगळा कन्नडसक्तीचा डाव आहे, आता लहान पोरं पण सोडंनात

शहापूर_मावशी
येळ्ळूर, मोर्च्याचं नंतर बघू, इथं एका पोराचं चाललंय. उद्यमबाग, चार्टचं खरंय, तो त्रास मीही काढलाय. आम्ही चित्रं तीच ठेवली आणि खाली घरचा शब्द लिहून चिकटवला, थेरपिस्टबाईंनी काही हरकत घेतली नाही. पण ज्या घरात कन्नड बाजारहाटापुरतं येतं तिथं आईबाप पोराशी बोलणार काय? बा, कूडू, ऊटा माडू, म्हणजे ये, बस, जेव. तीन शब्दांवर गाडी थांबली. गोष्ट, रागावणं, लाड, हे मोडक्या भाषेत कसं जमायचं?

उद्यमबाग७२
हे मान्य, माझी बायको कन्नड शाळेत शिकलेली म्हणून जमलं. तरी शाळेचा प्रश्न राहतोच. आणि खरं सांगतो, माझी आई आता नातवाशी खुणेनं बोलते.

निपाणी_नर्स
२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, पथक अंगणवाडीत येऊन पोरं तपासतं आणि उपचाराला पुढं पाठवतं, पैसे लागत नाहीत. अक्काला विचारा पथक कधी येणार, तोवर नुसतं थांबू नका. म्हैसूरला आयिश ही संस्था आहे, १९६५ पासून वाचा आणि श्रवणाचंच काम, लांब पडतं पण दुसरं मत घ्यायला बरं.

खानापूरची_आई
कान तपासायचं कुणी बोललंच नव्हतं. आज फोन केला, गुरुवारची वेळ मिळाली. टेस्टला पोर झोपलेलं लागतं म्हणे. तो अज्जीच्या मांडीवर, तिनं काहीतरी गुणगुणल्याशिवाय झोपत नाही, म्हणजे तिला न्यावंच लागणार. नवरा काही बोलला नाही, गाडी सांगून आला.