आवडीचं करिअर आणि घराचा हप्ता

हप्तेकरी (चिंचवड):
काल इथे एका तरुणाने लिहिलं होतं. हिंजवडीतली नोकरी सोडली, पाषाणला मातीकामाचा स्टुडिओ काढला, आता जगल्यासारखं वाटतंय. छान, अभिनंदन. पण पुढे काय, तर "नोकरी म्हणजे गुलामी. ज्याला सोमवार नकोसा वाटतो त्याचं आयुष्य वाया गेलं. आवडीचं करा, पैसा आपोआप मागे येतो." खाली बदामांचा पाऊस. म्हणून हे लांबण लावतोय.

माझे वडील भोसरीत एका वर्कशॉपमध्ये होते. सेकंड शिफ्ट संपवून मध्यरात्री सायकलवर घरी यायचे. समाधान मिळतं का, असं त्यांना कोणी विचारलं नाही आणि त्यांनाही तसला प्रश्न पडल्याचं दिसलं नाही. गुरुवारी भजनी मंडळात पखवाज वाजवायचे, तेव्हा चेहरा बघण्यासारखा असायचा. त्याच पखवाजावर त्यांनी घर चालवायचं ठरवलं असतं तर आमचं सोडा, पखवाजाला लावायला कणीकसुद्धा उरली नसती.

आणि उदाहरणं शोधायला लांब कशाला जायचं? सतीश आळेकर बी. जे. मेडिकलमध्ये बायोकेमिस्ट्रीत नोकरी करत नाटकं लिहीत होते. मोहन आगाशे तिथेच मानसोपचार शिकवत होते. जब्बार पटेल दौंडला लहान मुलांचे डॉक्टर. 1973 मध्ये थिएटर अकादमी ही नाटकाची संस्था काढली ती याच मंडळींनी, आपापला पगार नि दवाखाना सांभाळून. राजीनामा भिरकावून कोणी आलं नव्हतं. आवड जपायला नोकरी लागते, एवढं साधं आहे.

मातीचा_माणूस (पाषाण):
काका, तो तरुण मीच. तुमच्या वडिलांबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही, उगाच अंगावर ओढून घेऊ नका.

आणि डॉ. लागू बरे सोयीस्कर विसरलात? कान-नाक-घशाचे सर्जन, चालती प्रॅक्टिस, वय चाळिशीपुढे. 1969 मध्ये सोडलं सगळं आणि पूर्णवेळ नट झाले. त्यांना कोणी तुमच्यासारखा सल्लागार भेटला असता तर मराठी रंगभूमीचं काय झालं असतं?

तुमच्या वडिलांची शिफ्ट संपायची तरी. आमची संपत नाही. 2023 मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला 70 तास म्हणाले. 2025 च्या जानेवारीत एल अँड टीच्या अध्यक्षांनी ते 90 वर नेले, वर घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार असंही विचारलं. 2024 मध्ये पुण्यातच एक तरुण सीए मुलगी नोकरीला लागून चार महिन्यांत गेली. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र वाचलंय का तुम्ही? माझ्या मॅनेजरने मला आजीच्या दहाव्याला लॅपटॉप घेऊन जायला सांगितलं होतं. ओंकारेश्वराच्या घाटावर बसून मी कॉल घेतलाय. त्याला गुलामी नाही तर काय म्हणू, सेवा?

हप्तेकरी:
दहाव्याचं वाचून वाईट वाटलं, खरंच. तो मॅनेजर नालायक होता. पण त्यावरून सगळ्या नोकऱ्या गुलामी कशा ठरतात?

लागूंचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं. नाटक चाललं नसतं तर दुसऱ्या दिवशी दवाखान्याची पाटी परत लावता आली असती. तुझे कप खपले नाहीत तर?

मातीचा_माणूस:
तर मीही पाटी लावीन. कोडिंग विसरलेलो नाही.

हप्तेकरी:
म्हणजे परत गुलामीत? वा!

नवऱ्याची_पॅशन (वाकड):
दोघांनाही एक विचारते. लागू, आळेकर, आगाशे, पटेल. यादीत बाई कुठेय?

माझ्या नवऱ्यालाही असंच एक दिवस जगावंसं वाटलं. मुळशीकडे जमीन भाड्याने घेतली, सेंद्रिय भाजी पिकवतो. त्याचे चिखलातले फोटो बघून लोक "धाडस लागतं भावा" लिहितात. गृहकर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जातो, त्याचा फोटो निघत नाही. मी कथकमध्ये विशारद आहे. पुढे अलंकार करायचं होतं. सध्या मी हिंजवडीच्या फेज तीनमध्ये टेस्टिंग करते, कारण दोघांनी एकाच वेळी पॅशन फॉलो केली तर बँक ऐकत नाही. त्याचं काम वाईट आहे असं नाही, मेथी उत्तम येते. पण माझा नंबर कधी, असं विचारलं की मी निगेटिव्ह.

पाषाणकर, स्टुडिओचं भाडं कोण भरतं?

मातीचा_माणूस:
बचत आहे. लग्न झालेलं नाही. आई-बाबांकडे राहतो.

हप्तेकरी:
आलं बाहेर! पैसा आपोआप मागे येतो म्हणे. बाबांच्या पेन्शनमधून येतो तो.

मातीचा_माणूस:
घरात महिन्याला पैसे देतो मी. आणि तुम्ही पंचविशीत कुठे राहत होता काका, स्वतःच्या बंगल्यात?

सीएनसी_सेटर (पिंपरी):
हप्तेकरी साहेब, तुमच्या वडिलांना मशीन आवडत नव्हतं हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी औंध आयटीआयचा टर्नर. नवीन जॉबचं सेटिंग करून बोअर, म्हणजे आतलं भोक, दहा मायक्रॉनमध्ये बसवला आणि क्यूसीच्या तपासणीतून फर्स्ट पीस ओके आला की जे वाटतं ना राव, ते मला कुठल्या भजनात मिळालेलं नाही. जुन्या लेथवर हाताने साइज काढणारी माणसं तर कलाकारच. घरी येऊन सांगत नव्हते, कारण ऐकणारं कोण होतं? तुम्ही पखवाज बघितला, कारण तो घरात होता. लेथ तुम्ही बघितलाच नाही.

आमचं दुखणं वेगळं आहे. काम आवडतं, पण परमनंट करत नाहीत. आधी अप्रेंटिस, मग ट्रेनी, मग कंत्राटी. तेच मशीन, शेजारचा परमनंट माणूस दुप्पट पगारावर. माझ्यासमोर शिकलेली पोरं मशीनचं काम सोडून आता पाठीवर जेवणाचे डबे पोचवतात. त्यांना जाऊन सांगा आवड आणि करिअर.

हप्तेकरी:
लेथ बघितला नाही हे बोलणं लागलं. असेल आवडत, मी नाही म्हणत नाही. पण आवडतं म्हणून जात नव्हते, पगार होतो म्हणून जात होते.

सीएनसी_सेटर:
दोन्ही असू शकतं की. तुम्हाला एकच का पाहिजे?

माजी_स्पर्धक (नवी पेठ, मूळ बीड):
पुण्याच्या लोकांचं एक बरं असतंय. नोकरी सोडायची का नाही यावर वाद. आमच्याकडं वाद नोकरी लागायचा. बापाची कोरडवाहू जमीन, पाऊस पडला तर पडला. आमच्या गावात यश म्हणजे एकच, स्पर्धा परीक्षेतून पोस्ट निघणं. निकाल लागला की जीपवर मिरवणूक, गुलाल. मग पोरगं पीएसआय झालंय का मंत्रालयात एएसओ, त्याला त्यातलं काय आवडतंय, हे कोण विचारतो?

एमपीएससीला खुल्या वर्गाला वय 38 पर्यंत, मागासवर्गीयांना 43. पोरं तिशी ओलांडून कॉटवर पडलेली असतात. 2024 च्या यूपीएससीत देशातून 1009 जणांची शिफारस झाली, अर्ज दहा लाखांच्या आसपास. हे गणित अभ्यासिकेत बसलेल्या प्रत्येकाला येतं, तरी बसतो. मी पण बसलो. आता क्लासमध्ये चालू घडामोडी शिकवतो. पोस्ट न निघालेला माणूस पोस्ट कशी काढायची ते शिकवतो. हसा खुशाल.

आणि या सगळ्यात सुखी कोण, तर सदाशिव पेठेतले घरमालक. दहा बाय दहाच्या खोलीत चार कॉट. पाणी अर्धा तास. आमच्या यशाची वाट बघायलाच नको, त्यांचं करिअर आधीच सेट.

सदाशिव_पेठेतली_काकू:
मी घरमालक आहे. मी स्पष्ट बोलते, राग आला तर येऊ दे.

माझ्याकडे कॉट बेसिसवर मुलं राहतात. रात्री दोन वाजता पॅसेजमध्ये फोनवर भांडणं, जिन्यात चपलांचा ढीग, दारात आडव्या लावलेल्या गाड्या. परवा तर माझ्याच घरात जायला मला "काकू, जरा थांबा" ऐकावं लागलं. लाइट बिल कोण भरतं? टँकर आला तर कोण भरतं? मालक लुटतात म्हणणं सोपं आहे. ह्यांच्या पश्चात मला पेन्शन नाही. या चार कॉट हीच माझी नोकरी समजा. आवडीची आहे का विचारलंत तर नाही.

माजी_स्पर्धक:
काकू, रागावू नका, पण माझा पण हिशोब ऐका. 25 ऑगस्ट 2024 ची एमपीएससीची राज्यसेवा पूर्व परीक्षा बँकेच्या परीक्षेच्या दिवशीच आली, कृषीच्या जागा त्यात घ्यायचा पण प्रश्न होता, म्हणून पोरं शास्त्री रोडवर बसली. परीक्षा पुढं गेली ती थेट 1 डिसेंबरला. मागणी आमचीच होती, मान्य. पण मधल्या तीन महिन्यांचं कॉटभाडं, मेस, अभ्यासिकेची फी कुणी भरली? बापानं. त्यात आमच्या मालकानं दिवाळीच्या तोंडावर पाचशे वाढवले. त्याच्याआधी 2023 ला मुख्य परीक्षेचा वर्णनात्मक, म्हणजे उत्तरं लिहायचा, पॅटर्न 2025 पासून लागू करा म्हणून पुन्हा रस्त्यावर. प्रत्येक वेळी भाडं आमचंच.

काकू:
आयोगाने तारीख बदलली त्यात माझा काय दोष? आंदोलनाच्या वेळी रात्री मुलं उपाशी येत होती, मी पोहे करून दिले आहेत. ते कोणी लिहीत नाही.

माजी_स्पर्धक:
पोहे दिले असतील. भाडं कमी केलं का?

काकू:
भाषा सांभाळून. तुमच्या आईच्या वयाची आहे मी.

माजी_स्पर्धक:
आई भाडं घेत नसती.

हप्तेकरी:
अहो, काकूंचा विषय कुठून आला? आपण आवडीच्या करिअरबद्दल बोलत होतो.

नवऱ्याची_पॅशन:
बोलू द्या की. इथे पहिल्यांदाच कोणीतरी खरा आकडा सांगतंय.

येरवड्याचा_वाटसरू:
भांडण चालू द्या, जाता जाता एक टाकतो. डेक्कन कॉलेजात संस्कृतचा मोठा कोश 1948 पासून चाललाय. पहिला भाग 1976 मध्ये छापून आला आणि अजून पहिल्या अक्षराच्या पुढे गाडी सरकलेली नाही. ज्यांनी शब्दांच्या चिठ्ठ्या लिहायला सुरुवात केली ते केव्हाच गेले. त्यांचं करिअर यशस्वी की अयशस्वी, ठरवा बसून.

हप्तेकरी:
त्यांना महिन्याला पगार होता ना? मग माझ्या बाजूला धरा.

मातीचा_माणूस:
सगळा महाराष्ट्रच तुमच्या बाजूला धरा काका. "आपोआप" हा शब्द मी मागे घेतो, तेवढ्याने समाधान होत असेल तर. गुलामी मागे घेणार नाही.

वाकडच्या ताई, तुमच्या कथकचं काय ठरलं?

नवऱ्याची_पॅशन:
हप्ते फिटल्यावर. तेव्हा गुडघे राहिले तर.

सीएनसी_सेटर:
ताई, शनिवार-रविवारी क्लास लावा आणि मेथी विकायला नवऱ्याला एकट्याला पाठवा. हप्त्याच्या आधी मेथी विकून बघू दे त्याला.

माजी_स्पर्धक:
काकू, भाड्याचं सोडलं. डिपॉझिटचं बोला. सोडून जाताना मालक डिपॉझिट का कापतात?

काकू:
एक महिन्याचं घेते आणि भिंत खराब केली तरच कापते. मागचा मुलगा गेला तेव्हा अख्खी भिंत सेलोटेपने सोललेली होती. महाराष्ट्राचा नकाशा, भारताचा नकाशा, नद्यांचा वेगळा. रंगारी काय फुकट येतो?

माजी_स्पर्धक:
नकाशा भिंतीवर लावल्याशिवाय भूगोल कसा करायचा काकू?

काकू:
वहीत काढायचा.