बासचा खरा हंगाम थंडीचा, उन्हाळ्याचा नाही

संथपाणी:
पाणी तापलं की सगळे गळाचे रॉड बाहेर काढतात आणि गारठा पडला की गुंडाळून ठेवतात. मला हे उलटं वाटतं. बास म्हणजे गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याची लार्जमाऊथ जात असो की स्मॉलमाऊथ, तो खरा कळतो तो थंडीत.

बास शीतरक्ती. पाणी जसं निवेल तसं त्याचं शरीर मंदावतं. पाणी ६-७ अंशांवर आलं (आकडे सेल्सिअसमध्ये देतोय) की एक छोटा मासा पचवायलाही त्याला कितीतरी दिवस पुरतात. मग तो आमिषामागे धावेल कशाला? आमिष त्याच्या तोंडासमोर न्यायचं आणि तिथेच ठेवायचं. जर्कबेटला (माशासारख्या दिसणाऱ्या नकली आमिषाला) दोन झटके द्यायचे, थांबायचं आणि वीसपर्यंत आकडे मोजायचे. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी पाचच्या पुढे मोजत नव्हतो, महिनाभर एकही मासा लागला नाही. मोजायला शिकलो आणि पहिल्याच सकाळी दोन लागले. चावा झटक्याने येत नाही. लाइन ओल्या पाल्यात अडकल्यासारखी जड होते, नाहीतर हळूच एका बाजूला सरकते. तेवढ्यावरून ओळखायचं.

शिवाय थंडीत मासे एकत्र येतात. बुडालेल्या ओढ्याचं जुनं पात्र, त्याच्या काठचा तीव्र उतार, एखादा खडकाचा सुळका. एक सापडला की तिथेच आणखी असतात. आणि हिवाळा सरताना अंड्यांनी भरलेली मादी वर्षातल्या सगळ्यात जास्त वजनाला असते.

ज्यांना पटत नसेल त्यांनी कारणासह सांगावं.

पहाटगळ:
अजिबात पटत नाही, आणि कारणं आहेत.

मोठ्या माशांचं म्हणाल तर विक्रम बघा. जॉर्ज पेरी यांचा २२ पौंड ४ औंसांचा लार्जमाऊथ अमेरिकेतल्या जॉर्जियात २ जून १९३२ रोजी लागला. त्याची बरोबरी व्हायला ७७ वर्षं गेली. मानाबू कुरिता यांनी ती केली जपानच्या बिवा तलावात, २ जुलै २००९ रोजी. एक जूनचा, एक जुलैचा.

लार्जमाऊथ हा मुळात उबदार पाण्याचा मासा आहे. २७ अंशांच्या आसपास तो भरपूर खातो, झपाट्याने वाढतो. ज्या ऋतूत तो पूर्ण ताकदीनिशी जगतो, तो त्याचा हंगाम. पाणवनस्पतींच्या दाट थरावरून रबरी बेडूक ओढत आणताना खालून पाणी फुटतं आणि सगळा थर हादरतो, तो क्षण ज्याने अनुभवलाय त्याला वीस आकडे मोजायला सांगू नका.

आणि उन्हाळ्यात मासे विखुरतात हेही अर्धंच खरं. खोल तलावात उन्हाळ्यात वर गरम, खाली गार असे दोन थर होतात. मधल्या पट्ट्यात तापमान एकदम घसरतं, तो थर्मोक्लाइन. पुष्कळ तलावांत त्याच्या खाली ऑक्सिजन जवळजवळ संपलेला असतो. म्हणजे तळ १५ मीटरवर असला तरी माशाच्या दृष्टीने तळ ६ मीटरवरच. सोनारच्या पडद्यावर ती रेघ दिसते. रेघेच्या खालचं सगळं पाणी सोडून द्यायचं. शोध एवढा सोपा तुमचा हिवाळाही करत नाही.

थंडखोरा:
संथपाणी यांच्याशी सहमत. पहाटगळ, दोन माशांवरून ऋतू ठरत नाही. तसं असेल तर कॅलिफोर्नियातल्या डिक्सन तलावातली मादी घ्या, २५ पौंड १ औंस, मार्च २००६. गळ तोंडाबाहेर अडकला होता म्हणून तिची विक्रमासाठी नोंद झाली नाही, पण मासा तर खरा होता ना? टेक्सासच्या शेअरलंकर उपक्रमात १३ पौंडांवरचे जिवंत बास प्रजननासाठी घेतात, त्याची मुदत आहे १ जानेवारी ते ३१ मार्च. अवाढव्य मासे कधी मिळतात हे त्यावरूनच कळतं.

गवतकाठ:
थंडखोरा, शेअरलंकरचा दाखला इथे चालत नाही. ती मुदत उपक्रमाने ठरवलेली आहे. मादी अंडी घालायच्या आधीच हाती यायला हवी आणि थंड पाण्यात ती प्रवासात तगते. मुदतच मार्चला संपणार असेल तर जुलैचा मासा त्या यादीत येईल कसा? दार जानेवारी ते मार्चच उघडं ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, सगळे याच दिवसांत आले.

मादीच्या वजनाचंही तेच. मार्चमधली वजनदार मादी आणि जूनमधली सडपातळ मादी, लांबीला सारखीच. फरक अंड्यांचा. मी म्हणते, अंडी घालायच्या तोंडावर असलेली मादी पकडण्यात अभिमान कसला? त्या दिवसांत मी मोठ्या माद्यांच्या मागे जातच नाही.

संथपाणी:
गवतकाठ, यादीबद्दल तुमचं बरोबर आहे. माद्यांबद्दलही विचार करायला लावलंत.

पण तुमच्याच वाक्यातून माझा सगळ्यात मोठा मुद्दा निघतो. मासा थंड पाण्यात तगतो, असं तुम्हीच लिहिलंत. गोड्या पाण्यात ५ अंशांना लिटरमागे सुमारे १२.८ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि माशाची गरज उलट दिशेने जाते, गरम पाण्यात त्याला जास्त लागतो. अशा पाण्यात तो झुंजून दमतो, वर आपण त्याला हवेत धरून फोटो काढतो. सोडल्यावर पोहत जातो म्हणून आपण खूश. पण काही मासे नंतर तासाभराने, दिवसाभराने मरतात आणि ते आपल्याला दिसत नाहीत. मला हे जड जातं. म्हणून पाणी तीसच्या वर गेलं की मी रॉड काढतच नाही.

पहाटगळ:
हा मुद्दा मी मानतो. म्हणूनच जाड लाइन वापरतो, मासा लवकर आत घेतो, बोटीतल्या टाकीत ठेवत नाही, पाण्यावरच सोडतो. नीट वागलं तर उन्हाळ्यातही मासा जगतो.

पण थंडीत माशाला त्रास नाही, हे कोणी सांगितलं? तुमचे मासे १०-१२ मीटर खोल. तिथून वर ओढताना दाब कमी होतो आणि पोटातली हवेची पिशवी फुगते. मासा पोट वर करून तरंगतो, खाली जाऊच शकत नाही. खोलातल्या स्मॉलमाऊथचं हे फार होतं. आणि हवा शून्याखाली असताना ओला मासा मिनिटभर वर धरला तर कल्ले आणि डोळे गोठायला लागतात. याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही.

संथपाणी:
नाही, आणि असायला हवी होती. मी स्वतः एकदा ११ मीटरवरून स्मॉलमाऊथ काढला होता. तीनदा सोडला, तीनदा वर आला. तेव्हापासून मी आठ मीटरच्या खाली जिग (वजनदार नकली आमिष) सोडत नाही, तिथे कितीही मासे दिसले तरी. ही अट मूळ मुद्द्यात धरावी.

दुसराकिनारा:
माशाचं एवढं चाललंय, माणसाचं कोण बोलणार?

पाणी ५ अंश होतं. माझा सोबती बोटीच्या पुढच्या टोकावर उभा होता. तिथे शिंतोड्यांचा पातळ बर्फ झाला होता, पाय सरकला. तो उत्तम पोहणारा, पण गार पाणी लागताच माणसाचा श्वास आपोआप आत ओढला जातो, त्याच वेळी डोकं पाण्याखाली असेल तर संपलंच. लाइफ जाकीट अंगात होतं म्हणून डोकं वर राहिलं. पाच मिनिटांतच त्याची बोटं दोर धरेनात. मी जाकिटाच्या पट्ट्याला धरून वर घेतलं.

बचावाचं शिक्षण देणारे सांगतात ते इथे लिहून ठेवतो: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे हातात आहेत ती दहाच मिनिटं. थंडीत एकट्याने जाऊ नका, जाकीट काढू नका, कोरडे कपडे बंद पिशवीत ठेवा. ज्याला हे जमत नाही त्याने उन्हाळ्यातच मासे धरावेत. उन्हाचा त्रास कमी आहे असं नाही, पण त्यात सावलीत जायला वेळ मिळतो.

थंडखोरा:
दुसराकिनारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी आजवर एकटा जात होतो. आता नाही.

पहाटगळ:
संथपाणी, तुमची तीस अंशांची रेघ मी दुपारपुरती मान्य करतो. पण पहाटेचं काय? रात्रभर पाणी थोडं निवतं, मासे उथळात येतात. तेव्हा कशाला थांबायचं?

संथपाणी:
कारण ऑक्सिजन. दिवसा उन्हात पाणवनस्पती ऑक्सिजन सोडतात, रात्री त्याच तो वापरतात. दाट गवताच्या पाण्यात तो सगळ्यात कमी असतो तो सूर्य उगवायच्या थोडा आधी. म्हणजे तुमचा बेडूक नेमका ज्या वेळी ज्या जागी नाचतो, तिथे मासा आधीच धापा टाकत असतो.

गवतकाठ:
पहाटगळ, यात ते बरोबर आहेत. गच्च गवताच्या पोटात मी पहाटे जात नाही. बाहेरची कड धरते, त्यातही वारा ज्या काठावर येऊन आदळतो ती. तिथलं पाणी ढवळलेलं असतं. आतला बेडूक सूर्य दोन हात वर आल्यावर.

पहाटगळ:
कड आणि वाऱ्याचा काठ. ठीक आहे, येत्या उन्हाळ्यात पहाटे असंच करेन आणि इथेच लिहीन. पण बेडूक मी सोडणार नाही.